आकड्यांचं बारसं करणारे मास्तर

मैत्रिणींनो, आमच्या ओटीवर रोज संध्याकाळी पाच ते सात शिकवणी असते. सातवी-आठवीची आठ-दहा मुलं येतात. मी काही गणिताची मोठी पंडित नाही. बी.एस्सी. झाले, लग्न झालं, या गावात आले आणि घर सांभाळून जमेल ते म्हणून शिकवणी सुरू केली, ती वीस वर्षं चालू आहे.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी लाईट गेले. फळा दिसेना. मुलं दंगा करायला लागली म्हणून मी सहज सांगितलं, अकरा गुणिले अकरा करा. १२१ आले. मग एकशे अकरा गुणिले एकशे अकरा. १२३२१. मग चार एक, ११११ गुणिले ११११. १२३४३२१. एव्हाना मुलं गप्प झाली होती. आठवीतली एक मुलगी आहे, फार बोलत नाही, कोपऱ्यात बसते. तिने मला न विचारताच जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि एकदम नऊ एक लिहून गुणाकार मांडला. मेणबत्तीच्या उजेडात पाऊण तास ती एकाखाली एक ओळी लिहीत होती. शेवटी पान माझ्यापुढे धरलं.

१२३४५६७८९८७६५४३२१.

सतरा अंकी आकडा. एकापासून नऊपर्यंत चढत जायचं आणि पुन्हा एकापर्यंत उतरत यायचं, घाट चढून उतरल्यासारखं. उलटा वाचा नाहीतर सुलटा, रामाला भाला मारा या वाक्यासारखा तोच.

तिने विचारलं, हा वाचायचा कसा? मी कोटीकोटी करत वाचून दाखवला. एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. दम लागला. आपल्या भास्कराचार्यांनी लीलावतीत एकापासून परार्धापर्यंत अठरा घरांना नावं दिली आहेत. त्यातलं सतरावं घर मध्य. म्हणजे हा आकडा परार्धाच्या दाराशी, एक पायरी अलीकडे उभा आहे.

पण तिचा दुसरा प्रश्न अवघड होता. हा आकडा कुठल्या प्रकारचा? शाळेत सम, विषम, मूळ, संयुक्त असे प्रकार शिकवतात ना, तसा. मी म्हटलं विषम आहे, संयुक्त आहे, पूर्ण वर्ग आहे. तिने मान हलवली, पण तिचं समाधान झालं नाही हे दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर मला पुढचं उत्तर माहीत होतं, तरी मी वही मिटायला लावली. कारण दोनच दिवसांपूर्वी तिची आई येऊन गेली होती. अगदी गोड बोलून, चहा घेऊन, तिने विचारलं होतं की हे आकड्यांचे खेळ परीक्षेत येणार आहेत का. नसतील तर पोर्शन कधी संपणार. तिचं काही चुकलं नव्हतं. ती शिवणाच्या पैशातून फी भरते.

तर ते पुढचं उत्तर. या आकड्याला नाव आहे, आणि ते नाव ठेवणारा माणूस आपल्याकडचाच, नाशिकजवळच्या देवळालीचा एक शाळामास्तर होता. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. मुलीला उत्तर द्यायचं राहिलं, म्हणून त्या रात्री मी त्यांच्याविषयी जमवलेली कात्रणं पुन्हा काढून बसले.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा भारी नाद. पत्रिका मांडायची म्हणजे बेरजा-वजाबाक्या आल्या, अंश-कला आल्या. ज्योतिषावर तुमचा-आमचा विश्वास असो नसो, आई नसलेल्या त्या घरात मुलगा वडिलांशेजारी बसून हिशेब करायला शिकला. वडिलांचं ज्योतिष त्याने पुढे नेलं नाही, आकडे मात्र नेले.

शाळा ठाण्याला झाली. १९२३ साली पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले. १९२७ साली विद्यार्थ्यांच्या स्वतंत्र गणिती कामासाठी असलेलं रँग्लर परांजप्यांच्या नावाचं पारितोषिक त्यांना मिळालं. १९२९ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. आणि लगेच देवळालीच्या शाळेत नोकरी. पुढे एम.एस्सी. नाही, पीएच.डी. नाही, परदेश नाही. १९६२ साली अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होईपर्यंत तेच गाव, शाळेतली तीच नोकरी.

देवळाली आपल्याला माहीत आहे ती लष्करामुळे. मुंबईहून रेल्वेने जाताना नाशिकरोडच्या आधीचं स्टेशन. इंग्रजांच्या काळात मायदेशी जाणारे गोरे सोल्जर बोटीची वाट बघत इथल्या छावणीत महिनोन्महिने पडून असायचे. उकाडा, ताप, रिकामपण, यांनी काहींची डोकी फिरायची. त्यावरून इंग्रजीत वेडसर माणसाला डूलाली म्हणायला लागले, म्हणजे देवळालीचाच अपभ्रंश. मला याची गंमत वाटते, आणि थोडं वाईटही. कारण त्याच गावात सायकलवरून फिरणारे, नदीकाठी तासन्तास एकटेच आकडे मांडत बसणारे कापरेकर मास्तरही काहींना तसेच वाटायचे.

आता नावांकडे येऊ. आपण बाळाचं बारसं करतो तेव्हा काय करतो? दहा जणींत ते बाळ वेगळं ओळखू यावं म्हणून नाव ठेवतो. कापरेकरांनी आयुष्यभर हेच केलं, आकड्यांच्या बाबतीत. एखाद्या आकड्यात काही खुबी दिसली की तशी खुबी असलेले आणखी आकडे शोधायचे, त्यांचं एक कूळ मांडायचं आणि त्या कुळाला नाव द्यायचं.

पहिलं नाव डेम्लो. आपल्या सतरा अंकी आकड्याचं हे आडनाव म्हणा ना. मुंबईपासून तीस मैलांवर जीआयपी रेल्वेचं डेम्लो नावाचं स्टेशन होतं. तिथे त्यांना ही कल्पना सुचली म्हणून आकड्यांनाही स्टेशनचं नाव. ते स्टेशन म्हणजे आताची डोंबिवली! सकाळच्या लोकलला लोंबकळत जाणाऱ्या तिथल्या बायकांपैकी कितीजणींना ठाऊक असेल, की आपल्या स्टेशनच्या नावाचे आकडे जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत आहेत. डेम्लो कुळात आणखीही आकडे आहेत, पण त्यातले सगळ्यात देखणे हेच, नुसत्या एकांच्या वर्गातून येणारे. १, १२१, १२३२१, असे.

हे घाट का तयार होतात, ते गुणाकार कागदावर मांडला की लगेच दिसतं. नऊ एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक एकेक घर डावीकडे सरकलेली. कडेच्या रकान्यात एकच एक, त्याच्या शेजारच्यात दोन, मधल्या रकान्यात बरोबर नऊ. नऊपर्यंत हातचा येत नाही, म्हणून घाट मोडत नाही. दहा एक घेतले की मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा पुढे जातो आणि उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. मध्ये दोन शून्यांचा खड्डा आणि एका बाजूचा आठ गायब. म्हणजे आमच्या मुलीने काढलेला आकडा हा त्या ओळीतला शेवटचा, न मोडलेला.

दुसरं नाव मला सगळ्यात आवडतं, हर्षद. हर्ष देणारा. आकड्यातल्या अंकांची बेरीज करायची आणि त्या बेरजेने तोच आकडा नि:शेष भागला गेला तर तो हर्षद. १८ घ्या. एक आणि आठ नऊ, नऊने अठराला भाग जातो. झाला हर्षद. २१ घ्या, दोन आणि एक तीन, तीन साते एकवीस. गणपतीचे एकवीस मोदक हर्षद निघाले म्हणून मला बरं वाटलं. मग मी आहेराची पाकिटं तपासत बसले. ११? बेरीज दोन, भाग जात नाही. ५१? बेरीज सहा, जात नाही. १०१ नाही, ५०१ पण नाही! म्हणजे आपण शुभ म्हणून वर एक रुपया ठेवतो आणि त्या रुपयानेच हर्ष घालवतो. अर्थात हा माझा चावटपणा, कापरेकरांचा नाही.

जपमाळेचे १०८ मणी मात्र हर्षद आहेत. एक, शून्य, आठ, बेरीज नऊ. नऊ बारे एकशे आठ.

आणि आपला सतरा अंकी? त्याच्या अंकांची बेरीज ८१. ८१ ने भाग जाईल का? एवढा भागाकार करायला धीर हवा, पण एक वाट आहे. नऊ एकांचा आकडा म्हणजे १२३४५६७९ गुणिले ९ (त्यात आठ नाही, नीट बघा). त्याचा वर्ग केला की नवाचाही वर्ग होतो, म्हणजे ८१. तेव्हा भाग जाणारच. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१. तर तो डेम्लो आहे आणि हर्षदही आहे.

या हर्षद आकड्यांना पाश्चात्त्य देशांत निवेन आकडे असंही म्हणतात. आयव्हन निवेन नावाच्या गणितज्ञाने १९७७ साली एका परिषदेतल्या भाषणात त्यांचा उल्लेख केला होता, तेव्हापासून. आपल्या मास्तरांनी त्याच्या कितीतरी आधी बारसं केलं होतं, पण देवळालीच्या बारशाला बाहेरचे लोक कसे येणार?

तिसरं कूळ स्वयंभू आकड्यांचं. हे जरा लक्ष देऊन वाचा, अवघड नाही. कुठलाही आकडा घ्या, त्यात त्याच्याच अंकांची बेरीज मिळवा. ३३ घेतला तर तीन आणि तीन सहा, तेहतीस आणि सहा एकोणचाळीस. म्हणजे ३९ चा जन्म ३३ पासून झाला. आमच्या ओटीवर आम्ही त्याला ३९ ची आई म्हणतो. ३९ मध्ये बारा मिळवले की ५१, म्हणजे ५१ ची आई ३९. अशी वंशावळ चालते. पण काही आकडे असे आहेत की कुठल्याच आकड्यापासून ते जन्मत नाहीत. कितीही शोधा, आई सापडत नाही. २० घ्या, ३१ घ्या, ४२ घ्या. एक ते शंभरात असे तेराच आहेत. हे स्वयंभू. आपल्याकडे स्वयंभू गणपती असतात, कुणी घडवलेले नसतात, जमिनीतून आपोआप आलेले मानतात, तसेच. १९६३ साली कापरेकरांनी यावर देवळालीहून पुस्तिकाच काढली. या आकड्यांना देवळाली आकडे असंही नाव आहे. पुढे १९७४ साली कोलंबिया देशातल्या एका गणितज्ञाने हाच प्रश्न नव्याने मांडला, म्हणून काही ठिकाणी हे कोलंबियन आकडे झाले. एकाच बाळाला माहेरी एक नाव आणि सासरी दुसरं, तशातली गत.

आपला १०८ हर्षद आहेच, वर स्वयंभूसुद्धा आहे. आणि १२१ डेम्लो आहे, स्वयंभू आहे, पण हर्षद नाही. माझ्या मनात एक विचार येऊन गेला, तो इथे सांगून टाकते. आठव्या वर्षी आई गेलेल्या माणसाने आयुष्यात पुढे आई नसलेले आकडे शोधले. या दोन गोष्टींचा संबंध आहे असं मी म्हणणार नाही, तसं म्हणायला काही आधार नाही. पण वाचताना मी तिथे थांबले होते.

आकड्यांना ते नावं ठेवत होते, तसे लोक त्यांना नावं ठेवत होते. विद्यापीठातल्या बऱ्याच मंडळींना हे गणित पोरखेळ वाटे. याचा उपयोग काय, यात खोल काय आहे, हा कोण शाळामास्तर. नावाजलेल्या नियतकालिकांत त्यांचं लिखाण फारसं येत नसे. मग लहानसहान गणिताच्या मासिकांत छापायचं, नाहीतर स्वतःच पुस्तिका छापून काढायच्या. हा खर्च शाळामास्तराच्या पगारातून. मैत्रिणींनो, संसारी बाई म्हणून मी इथे अडते. त्या पुस्तिकांच्या छपाईच्या दिवशी घरात काय बोलणं झालं असेल? किराण्याची यादी कशी लहान केली असेल? माझ्याजवळच्या लेखांत त्यांच्या पत्नीबद्दल एकच ओळ आहे, की १९६६ साली त्या वारल्या. आकड्यांची कुळं पानंच्या पानं आणि घर चालवणाऱ्या बाईला एक ओळ. कापरेकरांवर माझा लोभ आहे, पण हे मला खुपतं. त्यांच्यापेक्षा लिहिणाऱ्यांच्या बाबतीत जास्त.

पत्नी गेल्यावर मास्तर एकटे पडले. पेन्शन तुटपुंजी. अगदी काटकसरीत राहूनही भागेना. मग निवृत्तीनंतर त्यांनी गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेतल्या. हे वाचलं तेव्हा मी कात्रण खाली ठेवलं. ज्या माणसाच्या नावाचा स्थिरांक आहे, तोही शेवटी माझ्यासारखाच, कुणाच्या तरी पोराचा पोर्शन संपवत बसला होता. त्याच्याकडेही कुणाचे आईवडील चहा पिऊन, परीक्षेत काय येणार, ते विचारून गेले असतील.

आता तो स्थिरांक. कापरेकरांचं नाव ज्या एका गोष्टीमुळे जगात गाजलं ती ही, आणि ती भाजी चिरताचिरता करता येते. कुठलाही चार अंकी आकडा घ्या, फक्त चारही अंक एकच नकोत. अंक मोठ्याकडून लहानाकडे लावा, मग लहानाकडून मोठ्याकडे लावा, आणि मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. शून्य आलं तर टाकायचं नाही, त्याचं घर ठेवायचं. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ वर येता. तिथे आल्यावर ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४. पुढे जाताच येत नाही.

मी मास्तरांचंच जन्मवर्ष घेऊन पाहिलं, १९०५. ९५१० वजा ०१५९, ९३५१. मग ९५३१ वजा १३५९, ८१७२. पुढे ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. बरोबर सात वजाबाक्या, जास्तीत जास्त लागतात तेवढ्या. मग १९८६ घेतलं, त्यांच्या मृत्यूचं वर्ष. ९८६१ वजा १६८९, पहिल्याच फटक्याला ८१७२. तिथून पुढे तीच वाट. हे मी कुठे वाचलेलं नाही, रात्री पावणेबारा वाजता ओट्याशी उभी राहून केलेलं आहे. नवरा पाणी प्यायला उठला होता, त्याने मी दुधाचा हिशेब करतेय असं समजून किती झाले ते विचारलं.

आणि हो, ६१७४ हर्षद आहे. बेरीज अठरा, भागाकार ३४३, म्हणजे सात गुणिले सात गुणिले सात.

हा शोध त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. १९५५ साली तो छापून आला. तरी इथे फारशी दखल नाही. मग मार्च १९७५ मध्ये अमेरिकेच्या सायंटिफिक अमेरिकन मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गणिती करमणुकीच्या सदरात कापरेकरांवर लिहिलं. गार्डनरचं सदर म्हणजे जगभरचे गणितवेडे वाट बघायचे असं. एका लेखाने देवळालीचे मास्तर बाहेरच्या देशांत माहीत झाले, आणि मग आपल्याकडेही. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते, निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. ४ जुलै १९८६ रोजी देवळालीतच त्यांचं निधन झालं.

आज ६१७४ ला सगळीकडे कापरेकर स्थिरांक म्हणतात. शिवाय कापरेकर आकडे वेगळे आहेत. ४५ चा वर्ग २०२५, त्याचे दोन तुकडे वीस आणि पंचवीस, बेरीज पुन्हा ४५. तसाच २९७. वर्ग ८८२०९, अठ्ठ्याऐंशी आणि दोनशे नऊ मिळून २९७. हे मी पुढच्या पावसाळ्यासाठी राखून ठेवलंय.

तर दुसऱ्या दिवशी मुलं आली. मी ठरवून टाकलं होतं. साडेसहापर्यंत पोर्शन, एकही मिनिट इकडे तिकडे नाही. शेवटचा अर्धा तास ज्याला थांबायचं त्याने थांबावं, त्याची फी नाही. कोपऱ्यातली मुलगी थांबली, आणखी तिघं थांबली. मी डेम्लो सांगितलं, हर्षद सांगितलं. तिने सतरा अंकी आकड्यासमोर दोन्ही नावं लिहिली. मग स्वयंभू म्हणजे काय ते ऐकून लगेच विचारलं, हा स्वयंभू आहे का?

मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. मी तसं सांगितलं, तर मुलं एकदम सरसावून बसली.

सतरा अंकांची बेरीज फार तर सतरा नव्वे एकशे त्रेपन्न होईल. म्हणजे आई असलीच तर ती फार लांब नाही, एकशे त्रेपन्नच्या आतच. त्यामुळे फक्त शेवटचे तीन अंक हलणार, पुढचे चौदा तेच. त्या चौदांची बेरीज ७५. आकडा नवाने भागला जाणारा, तेव्हा वजा करायची बेरीजही नवाच्या पाढ्यातलीच असणार. चौघं चार बाजूंनी बसली. ९ वजा केले, मागे राहिलं ३१२, सगळी बेरीज ८१. नऊ हवे होते, नाही जमलं. १८ वजा केले, नाही. २७, नाही. ३६, ४५, ५४, नाही. मला वाटायला लागलं की हा स्वयंभूच असणार, आणि मी तसं म्हणणार एवढ्यात तिने ८१ वजा केले. शेवटी राहिलं २४०. दोन आणि चार सहा. पंचाहत्तर आणि सहा एक्क्याऐंशी.

१२३४५६७८९८७६५४२४०. ही त्याची आई. तिच्यात ८१ मिळवा, घाट पुरा होतो.

तेवढ्यात मुलीची आई तिला न्यायला आली. पाऊस होता, दारात छत्री मिटून उभी राहिली. मी म्हटलं आत या, दहाच मिनिटं. मुलीने तिला पेन्सिल दिली आणि जन्मवर्ष लिहायला सांगितलं. तिने १९८४ लिहिलं. ९८४१ वजा १४८९, आले ८३५२. हातचा घेताना ती जरा अडखळली, मुलीने बोट ठेवून दाखवलं. मग ८५३२ वजा २३५८. दोनच वजाबाक्यांत ६१७४. एवढ्या लवकर कसं आलं, नक्की काहीतरी चुकलं असणार, असं म्हणत तिने कागद उलटा केला आणि दोन्ही वजाबाक्या पुन्हा मांडायला घेतल्या.